कुर्लीचा नंबर

"बाईआजी, आज समुद्र बंद होणार," जुई म्हणाली.

मी तांदूळ निवडत होते. ताटातून मान वर करून विचारलं, "समुद्र कसा बंद होईल गं?"

"तसं लिहून आलंय. संध्याकाळी सातला. मग बेट नाही, होडी नाही, काहीच नाही."

तिनं टॅब माझ्या तोंडासमोर धरला. निळ्या चौकटीत इंग्रजीत चार ओळी होत्या. चष्मा लावून मी त्या दोनदा वाचल्या. खेळाचा पहिला भाग आज बंद होत होता. दुसरा भाग आला होता. पहिल्यात मिळवलेली पदकं दुसऱ्यात नेता येणार होती. इतके दिवस बेटावर राहिल्याबद्दल कंपनीनं सगळ्यांचे आभार मानले होते.

"अगं, ही सूचना महिन्यापासून येत असणार. आज कशी दिसली तुला?"

"रोज यायची. मी फुली दाबून घालवायची. मला वाटलं जाहिरात आहे."

"मग आपण दुसरा भाग घेऊ की."

"ह्या टॅबवर तो चालत नाही. टॅब जुना आहे म्हणतोय." मग हळूच म्हणाली, "कुर्ली आता कुठं भेटणार मला?"

हे टाळेबंदीच्या जूनमधलं. जुई माझ्या वरच्या मजल्यावरच्या मगदुमांची मुलगी, नुकतीच दुसरी संपवून तिसरीत गेलेली. तिची आई दीपश्री मिरजेतल्याच एका हॉस्पिटलात सिस्टर होती. कोविडच्या वॉर्डात ड्यूटी लागली तशी ती घरी यायची बंद झाली, हॉस्पिटलनं दिलेल्या खोलीतच राहू लागली. वडील मस्कतला नोकरीला, आणि विमानं बंद. "बाई, चार दिवस बघता का हिला?" म्हणून दीपश्रीनं मार्चमध्ये पोरगी माझ्याकडे सोडली. मी एकटीच. उभा जन्म प्राथमिक शाळेच्या वर्गांत गेलेला. घरात पोर आलं म्हणजे मला काय, शाळा परत उघडल्यासारखं झालं.

पण पोर बोलेना. जेवायला बोलावलं की यायची, पाढे म्हण म्हटलं की म्हणायची, रात्री पांघरूण डोक्यावरून घ्यायची. खिडकीतून कुणाला हाक मारायची नाही, कारण समोरच्या इमारतीतल्या पोरांना त्यांच्या आयांनी सांगून ठेवलं होतं, जुईची आई कोविडमध्ये असते. मी गोष्टी सांगितल्या, भातुकली मांडली, खडूनं फरशीवर लंगडीचं घर काढलं. ती एकदा खेळली, माझं मन राखायला.

एके दिवशी दुपारी ती टॅब मांडीवर घेऊन मोठ्यानं हसली. मी स्वयंपाकघरातून धावत आले. महिन्यात पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं होतं.

"काय झालं गं?"

"कुर्लीनं माझी होडी उलटी बांधली."

तेव्हापासून मीही तिच्याशेजारी बसून तो खेळ बघायला लागले. आधी वाटायचं, या खेळांत नुसती मारामारी असते. यात तसं काही नव्हतं. एक बेट, भोवती समुद्र. मासे धरायचे, लाकडं गोळा करायची, घर बांधायचं. भरती-ओहोटी अगदी बरोबर दाखवली होती. मी चौथीच्या मुलांना फळ्यावर चंद्र काढून जे समजावून थकले, ते जुईला नुसत्या होड्या वाहून गेल्यामुळं कळलं होतं. काही नवं जमलं की एक पितळी पदक टणकन पडद्यावर पडायचं. पहिल्या माशाचं पदक, वादळात छप्पर वाचवल्याचं पदक, दुसऱ्याला भाकरी दिल्याचंसुद्धा पदक. ते वाजलं की माझाही हात नकळत शाबासकी द्यायला पुढं व्हायचा.

आणि बेटावर दोघंच राहायची. ही 'जुईफूल', आणि कुठली कोण ती 'कुर्ली', म्हणजे खेकडी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्या दिवसभर बडबडायच्या. जुई मला वाचून दाखवायची.

"कुर्ली म्हणते, तुझ्या भिंतीला खिडकीच नाही, चोरासारखं घर बांधलंस."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुझ्या घराला तर दारच नाही, तू चिमणी आहेस का?"

पोरगी घरात मुकी आणि त्या पाटीवर अशी बोलकी. मला दुसरं काय हवं होतं? दीपश्रीला सांगितलं तेव्हा मात्र ती फोनवर घाबरली. "बाई, पलीकडं कोण आहे काय माहीत. एखादा बाप्या बसलेला असला तर?"

मलाही ते पटलं. मग मी जुईला एक प्रश्न विचारायला लावला: तुझे कुठले दात पडलेत? पटकन उत्तर आलं, "पुढचे दोन्ही. आजोबा म्हणतात मी खिडकी उघडी टाकून फिरते." मी दीपश्रीला म्हटलं, "बाप्या नाही. दुसरीतली आहे." दातांची अशी थट्टा मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, ती कुणाला बनवून सांगता येत नाही.

तर त्या दिवशी समुद्र बंद होणार होता.

मी दुपारी दीपश्रीला गाठलं. तिला जेवायला जेमतेम वेळ मिळाला होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपला नंबर द्यायचा नाही, बाई. त्यांचा घ्या. आधी तुम्ही त्यांच्या घरातल्या मोठ्यांशी बोला. मग हिला देऊ फोन."

"एवढंच होय!" जुई म्हणाली. पण ते एवढंच नव्हतं. खेळात आकडा लिहिला की त्या जागी चांदण्या उमटायच्या. पोरांनी परक्यांना फोन नंबर देऊ नयेत म्हणून कंपनीनं केलेली सोय. एरवी मी त्या सोयीचं कौतुकच केलं असतं.

"मग गं आता?"

जुईनं माझ्याकडे पाहिलं, जशी हुशार पोरं बाईंना उत्तर आधीच माहीत असल्यासारखी पाहतात तशी. "बाईआजी, इंग्रजीत सेव्हन लिहिलं तर चांदण्या येतात. सात लिहिलं तर येत नाहीत. त्याला मराठी कुठं येतं!"

तिनं कुर्लीला लिहिलं: तुझा फोन नंबर सांग, पण मराठीत, शब्दात.

कुर्लीचं उत्तर आलं: मला पाठ नाही. आजोबांचा फोन आहे. आजोबा बागेत गेलेत. आले की सांगते. तोवर दीपगृह करू.

दीपगृह म्हणजे त्यांचं राहिलेलं एकुलतं एक पदक. दोघींनी दोन बाजूंनी दगड रचत जायचं आणि वर पोचून एकाच क्षणी दिवा लावायचा. कितीतरी वेळा ते करून झालं होतं. कधी हिचा हात आधी लागायचा, कधी तिचा, आणि सगळा मनोरा ढासळायचा.

"आत्ता कशाला दीपगृह?" मी म्हटलं. "नंबर घे आधी."

"ती म्हणते, पदक मिळालं तर दुसऱ्या भागात नेता येईल."

"तिच्याकडं चालतो दुसरा भाग?"

"तिला नवीन मोबाईल घेणार आहेत. शाळेसाठी."

जुईनं हे इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, तिला त्याचा अर्थ कळला नसावा. पण तिचा अंगठा एकाच दगडावर थांबून राहिला होता.

साडेसहा वाजता दीपगृह निम्म्यावर आलं होतं. आजोबांचा पत्ता नव्हता. बाहेर कुणी थाळी वाजवत नव्हतं, रिक्षा नव्हत्या, रस्ता असा शांत की बेटावरच्या लाटांचा आवाज घरभर येत होता. जुईनं जीभ दातांत धरली होती. "हळू," ती पुटपुटत होती, "हळू गं, मी म्हणते तेव्हा." जणू ते पलीकडे ऐकू जाणार होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दीपश्रीचा. रोज ती याच वेळी करायची. मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"बाई," ती म्हणाली, आणि पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिच्या बरोबरीची, तिच्याच खोलीत राहणारी मुलगी पॉझिटिव्ह आली होती. दुपारी एका ताटात जेवल्या होत्या दोघी. "मला काही झालं तर," ती म्हणायची आणि थांबायची. मी ओट्याला टेकून उभी होते. बाहेरच्या खोलीत टणकन पदक वाजलं. जुई ओरडली, "झालं! बाईआजी, झालं!" मग तिचा पुटपुटण्याचा आवाज, आणि खडू फरशीवर घासल्याचा आवाज. मी काय करायचं होतं? आईचं रडणं कापून पोरीकडं जायचं, की पोरीला हाक मारून हे रडणं तिच्या कानावर घालायचं? मी दीपश्रीला म्हणत राहिले, "बोल तू. मी आहे." मी असून तिच्या काय उपयोगाची होते, ते माझं मला माहीत.

बाहेर आले तेव्हा पडदा करडा झाला होता. मध्यभागी छोटीशी होडी, तिच्याखाली इंग्रजीत 'धन्यवाद'. जुई फरशीवर बसली होती, दोन्ही हात खडूनं पांढरे. लंगडीच्या घराशेजारी मोठमोठ्या आकड्यांत तिनं नंबर लिहिला होता.

"आजोबा आले बाईआजी! अगदी शेवटी आले! ते सांगत गेले आणि कुर्ली लिहीत गेली. मी पटापटा आकडे केले." तिचे डोळे चमकत होते. "मोजा. दहा आहेत ना?"

मी मोजले. दहाच होते. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या आईबद्दल एक अक्षर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं साखर ठेवून, परीक्षेला जाताना ठेवतात तसं, आम्ही फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. मागं बें बें चाललेलं.

"हॅलो," मी म्हटलं, "मी मिरजेहून शेटेबाई बोलतेय. तुमच्या घरी एक छोटी मुलगी आहे का? नात?"

"नात?" एक तरणा आवाज हसला. "अवो, माझं अजून लगीन व्हायचंय."

"कुर्ली म्हणून..."

"मावशी, हितं कुठली कुर्ली? हितं शेरडं हायत."

माणूस बीडकडचा, अंबादास नावाचा. रानात शेळ्या घेऊन बसलेला. वैतागला नाही, उलट बोलायला कुणीतरी भेटल्यानं खूश झाला. मी एक-एक आकडा वाचून दाखवला. "हाच माझा लंबर," तो म्हणाला.

जुईनं परत लावायला लावलं. मग संध्याकाळी परत. "मावशी, आज बी शेरडंच," तो म्हणाला. त्या आठवड्यात आमची चांगली ओळख झाली. जुईनं फोन घेऊन त्यालाच विचारलं, "काका, तुमच्या शेजारी तरी कुणी कुर्ली आहे का?" त्यानं खरंच शेजारी विचारलं.

मी माझ्या भाच्याकरवी खेळाच्या कंपनीला इंग्रजीत पत्र पाठवलं. दोन मुली आहेत, त्यांना एकमेकींचा पत्ता हवाय, आम्ही मोठे मध्ये राहून बोलू. उलट टपाली उत्तर आलं, ते यंत्रानंच लिहिलेलं. मुलांची माहिती सुरक्षित ठेवणं त्यांना फार महत्त्वाचं वाटत होतं. खाली दुसऱ्या भागाचं चित्र होतं आणि तो घेण्याचं बटण.

दीपश्री सुखरूप राहिली, एवढं एक चांगलं झालं. तिची ती मैत्रीणही बरी होऊन परत कामावर आली.

जुई मात्र आधी होती त्याहून शांत झाली. टॅबवर ती आता दुसऱ्या भागाचा व्हिडिओ बघायची, तोच तो, पुन्हा पुन्हा. बेट मोठं झालं होतं. शिडाची जहाजं आली होती, आकाशात बगळे उडत होते, आणि एका बेटावर दोघांऐवजी पन्नास-पन्नास जण राहत होते. सगळे मिळून किनाऱ्यावर नाचायचे. जुई तिथंच व्हिडिओ थांबवायची आणि पडद्याला नाक लावून एकेकाच्या डोक्यावरचं नाव वाचायची.

"त्यात नसेल गं ती. ती जाहिरात आहे."

"माहितीय," ती म्हणायची आणि वाचत राहायची.

ऑगस्टात कधीतरी तिनं ते सोडलं. तो नंबर तेवढा सोडून मी रोज फरशी पुसायची. त्या दिवशी बादली घेतली, तर ती म्हणाली, "तो नंबर पण पुसा. तिनं मला खोटा नंबर दिला."

"अगं, चुकलं असेल काहीतरी."

"नाही. तिला पदक पाहिजे होतं. पदक मिळालं, मग तिनं कुठलाही नंबर सांगितला." तिनं स्वतःच फडकं घेतलं आणि खसाखसा पुसून टाकला. मी तो माझ्या फोनमध्ये ठेवला होता, अंबादासच्या नावानं. ते तिला सांगितलं नाही.

दिवाळी झाली. मुलांचं शिक्षण मोबाईलवर सुरू झालेलं, आणि त्यातलं निम्मं कळत नाही म्हणून मी रोज जुईची शिकवणी घ्यायची. त्या दिवशी परिसर अभ्यास होता. मला स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या, म्हणून आतूनच म्हटलं, "पुस्तक काढ. पान एकोणसत्तर."

बाहेर आले तर तिनं भलतंच पान उघडलं होतं.

"हे कुठलं काढलंस?"

"तुम्ही सांगितलेलं. एक ऑन सत्तर."

मी पानाचा आकडा पाहिला. एकाहत्तर.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"एक ऑन सत्तर. सत्तरवर एक. सत्तर एक." ती माझ्याकडे बघायला लागली. "चुकलं का?"

मी खाली बसले. दुसरीचं पुस्तक नुकतंच बदललं होतं, आणि त्यात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायला शिकवत होते. जोडाक्षरांचे अवघड शब्द पोरांना जड जातात म्हणून. जुईचा वर्ग त्यातला. 'साठ नऊ' म्हटलं की ती बरोबर आकडा लिहायची. एकोणीस, एकोणतीस तिला म्हणता यायचं, पण ते नुसतं पाठ, गाण्यासारखं. त्या 'एकोण'चा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"जुई," मी सावकाश विचारलं, "कुर्लीनं नंबर लिहिला, त्यात हे होतं?"

"कुठल्या कुर्लीनं?"

"जुई."

"होतं," ती म्हणाली. "तिनं तुटक तुटक लिहिलं होतं. एक, मग ऑन, मग सत्तर. तिला पण कळलं नसणार. आजोबा म्हणाले तसं लिहीत गेली ती. मी बरोबर ओळखलं."

मी तिला पाटीवर दाखवलं. 'एकोण' म्हणजे एक ऊन. ऊन म्हणजे कमी.

"ऊन म्हणजे उन्हातलं ना?"

"ते वेगळं. हे जुनं आहे, म्हणजे कमी असलेलं. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी."

तिनं बोटांवर मागं मोजलं. साठ नऊ. मग पाटीवरचा शब्द बोटानं गिरवला.

"म्हणजे तिनं खोटा दिला नव्हता?"

"नाही."

"मग ती वाट बघत बसली असेल?"

मुलांना चूक दाखवून देणं, ती दुरुस्त करायला लावणं, यातच माझं आयुष्य गेलेलं. पाटीवरची चूक बोटाला थुंकी लावून पुसता येते. मी अंबादासचा नंबर काढला, शेवटून दुसरी जोडी एकाहत्तरची एकोणसत्तर केली आणि फोन लावला. स्पीकर चालू केला. जुई माझ्या पदराला धरून उभी राहिली.

"कोण?" म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला.

"मी मिरजेहून शेटेबाई. तुमच्या नातीची एक मैत्रीण होती खेळातली. बेटावरची."

मग, "जुईफूल?"

जुईनं पदर सोडून माझा हात धरला.

"अहो बाई, होतात कुठं तुम्ही?" आजोबा म्हणाले. ते देवगडजवळचे होते, कलमांची बाग होती. "महिनाभर ह्या फोनाला आम्हाला हात लावायला दिला नाही पोरीने. चार्जिंगला लावला तरी शेजारी बसून. वाजला की हिची उडी. मग ते संपलं. आता विचारीतसुद्धा नाही. थांबा, बोलावतो." आणि लांब कुठंतरी हाक गेली, "गो दुर्वा! हय ये! फोन इलो हा तुझो!"

"माका? कोणाचो?"

"ये तर खरी!"

पावलं आली. फोन हातातून हातात गेला. मी माझा फोन जुईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी, बशीसारखा आडवा धरला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. जरा जाड, सर्दी झाल्यासारखा.

"हॅलो," जुई म्हणाली.

जुईनं फोन कानाशी नेला आणि परत आडवा धरला.

"कुर्ली?"

"आता ते नाव नाय. दुसऱ्या भागात नवीन घेतात. माझं नाव लाट."

"बरं."

"तू फोन केलाच नाय."

"केला. खूप वेळा केला. तो शेरडांकडं लागायचा."

"कोणाकडे?"

"शेळ्यांकडं. तू एक ऑन सत्तर लिहिलंस ना, मी एकाहत्तर केलं. ते एकोण असतं. एकोण म्हणजे कमी."

"मी बरोबर लिहिलं होतं," कुर्ली म्हणाली. "आजोबा बोलले तसंच."

"मी पण बरोबरच केलं होतं."

"मग लागला का नाय?"

जुईनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं वाकून सांगायला गेले, "बाळ, अगं काय झालं ना..." पण मोठ्या माणसाचा आवाज ऐकताच पलीकडं एकदम चिडीचूप झालं. मी मागं सरले.

"तू दुसऱ्या भागात ये की," कुर्ली मग म्हणाली.

"आमच्या टॅबवर चालत नाही."

"मग?"

"मग काय."

"आमचं बेट खूप मोठं आहे. माझी जोडी भुसावळची आहे. आम्ही जहाज केलं."

"मी बघितलं जहाज. व्हिडिओत." जुईनं फोन तोंडाजवळ नेला. "दीपगृहाचं पदक आहे ना तुझ्याकडं?"

"आहे. पण ते दिसत नाय. पहिल्या भागाची सगळी पदकं मिळून एकच खूण देतात. तिच्यावर नाव नसतं."

"बरं."

पलीकडं कोंबडा आरवला, कुणीतरी भांडं आपटलं. ज्या दोघी दिवसभर एकमेकींच्या भिंतींना नावं ठेवायच्या, होड्या उलट्या बांधायच्या, त्या आता नुसत्या श्वास घेत होत्या. मी जुईला खुणावलं, दातांबद्दल विचार. तिनं आज्ञाधारकपणे विचारलं, "तुझे दात आले?"

"आले. तुझे?"

"माझे पडलेच नव्हते तेव्हा. आता पडलेत."

"हां."

"काय करतेस?"

"काय नाय. तू?"

"काही नाही. अभ्यास."

"माझा पण आहे." मग जरा थांबून, "ठेवू?"

"ठेव," जुई म्हणाली.

फोन बंद झाला. तिनं तो माझ्या हातात दिला, पुस्तक पुढ्यात ओढलं आणि एकोणसत्तरावं पान काढलं. पान नद्यांचं होतं. मी म्हटलं, "उद्या परत करू हं फोन. पहिल्यांदा असं होतं. सवय झाली की बोलाल तुम्ही."

तिनं मान हलवली, मला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. कृष्णेच्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, "बाईआजी, ती कुर्ली नव्हती."

"अगं, तीच होती. तिनं सगळं ओळखलं की."

"तीच होती," जुई म्हणाली, "पण तिचा आवाज असा नव्हता."